गौण वाक्य आधी आलं तर

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांनी प्रार्थनेनंतर ऑफिसात बोलावलं आणि स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वजनदार येतंय.

"काकासाहेब, इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. दहावीचे तास तुम्ही घ्या."

"सर, मी भूगोलाचा माणूस. एकोणतीस वर्षं नद्या आणि वारे शिकवतोय."

"बी.ए.ला तुमचं इंग्रजी होतं."

"होतं. काठावर सुटलो."

"काठावर का होईना, सुटलात. बाकीचे त्या पाण्यात उतरलेच नाहीत."

गेल्या वर्षी एकेचाळीसपैकी चौदा पोरं इंग्रजीत गेली. त्यातल्या तीन मुलींची मे महिन्यातच लग्नं उरकली. एका लग्नात मी स्वतः जेवून आलो. जिलबी चांगली होती, आणि तीच मला अजून टोचते. मी हो म्हणालो.

पहिलाच तास फसला. फळ्यावर 'व्हेन द बस केम वी गॉट इन' असं वाक्य लिहिलं. दुसऱ्या बाकावरची दिपाली उभी राहिली. पोरगी हुशार, आणि हुशार असल्याचं लपवत नाही.

"सर, मध्ये कॉमा कुठंय?"

मी दिला. खाली दुसरं वाक्य होतं, 'वी गॉट इन व्हेन द बस केम'. तिथेही देऊन टाकला. पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा.

"मॅडम तर खालच्यात देत नव्हत्या. नियम काय आहे, सर?"

"उद्या सांगतो," म्हणालो. अडतीस पोरांनी एकमेकांकडे बघितलं. 'उद्या सांगतो' याचा अर्थ दहावीच्या पोरांना बरोबर कळतो.

कपाटात जुनी कोरी टाचणवही सापडली, तिच्यात हे लिहितोय. बायकोपासून मी काही लपवत नाही, पण तास कसा फसला हे तिला कळायला नको.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शिक्षकखोलीत सगळ्यांना विचारून झालं. विज्ञानाचे सर म्हणाले, जिथं दम लागतो तिथं स्वल्पविराम. खेळाचे सर म्हणाले, मग मला आयुष्यात एकही लागणार नाही. गणिताच्या मॅडमचं मत असं, की वाक्याची लांबी मोजायची आणि मध्यावर द्यायचा.

वर्गात आजही 'उद्या' म्हणालो.

जेवताना जयानं विचारलं, "काय झालंय? भाकरी नुसती कुस्करताय."

सांगून टाकलं. तिचं शिक्षण आठवीपर्यंतचं. नववी मध्येच सुटली. तिला इंग्रजी स्वल्पविरामाचं काय सांगायचं, असं आधी वाटलं होतं. पण ती घास हातात धरून ऐकत होती.

"मग हन्ना टीचरला इचारा की."

"त्या अजून आहेत?"

"हायेत. चर्चच्या मागं राहत्यात. लई तल्लख हायेत अजून."

"तुला काय माहीत?"

"भाजीबाजारात भेटत्यात," म्हणाली आणि आमटी वाढायला उठली. आमटी माझ्या ताटात होतीच.

हन्ना टीचर! आठवीत त्यांनी माझा कान असा पिळला होता की डावा अजून उजव्यापेक्षा जरा लांब आहे.

१ डिसेंबर, रविवार

सांगतोच. नियम सापडला! मी आज इतका खूश आहे, की येताना सायकलवरून तीन अनोळखी माणसांना नमस्कार केला.

चर्च सुटल्यावर गेलो. टीचर आता शहात्तर वर्षांच्या. पाठ ताठ, लाल पेन्सिल कानावर, दारात लिंबाचं झाड.

"सलाम, टीचर."

"सलाम. काकासाहेब ना? कान बघून ओळखलं. बस. स्वल्पविरामासाठी आलास."

मी कशासाठी आलो हे यांना कसं कळलं, ते विचारायचं राहिलं. त्या लगेच शिकवायलाच लागल्या.

"व्हेन, इफ, बिकॉज, ऑल्दो, आफ्टर. हे शब्द ज्या वाक्याच्या डोक्यावर बसतात ते गौण वाक्य. एकटं उभं राहू शकत नाही. दुसरं मुख्य वाक्य. आता असं समज, मुख्य वाक्य म्हणजे घरधनी आणि गौण वाक्य म्हणजे पाहुणा. पाहुणा आधी आला आणि घरधनी अजून यायचाय. मग पाहुणा काय करील?"

"दारात थांबेल."

"थांबेल. तो थांबा म्हणजे स्वल्पविराम. व्हेन द बस केम, थांब, वी गॉट इन. आता घरधनी आधीच घरात आहे आणि पाहुणा मागून आला."

"सरळ आत जाईल!"

"मग तिथं कशाला थांबवतोस त्याला? वी गॉट इन व्हेन द बस केम. एका दमात."

एवढंच! तीस वर्षं मी पाहुण्यांना उगाच दारात ताटकळत ठेवलं.

टीचरनी डाळिंबाचे दाणे दिले, ते स्टीलच्या डब्यातून. डब्याच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं, 'जया'. घरी आल्यावर जयाला म्हणालो, "नेवाशात तुझ्या नावाची आणखी एक बाई आहे बघ, डबासुद्धा आपल्यासारखाच." तिला ठसका लागला. मी पाणी दिलं.

२ डिसेंबर, सोमवार

वर्गात आज असा धुडगूस झाला, की बास.

नियम नुसता सांगितला नाही, करून दाखवला. दिपालीला घरधनी केलं आणि करणला पाहुणा. करण आधी आला की दाराशी थांबायचं, आणि त्याच्या पायाशी एकानं उकिडवं बसून स्वल्पविराम व्हायचं. स्वल्पविराम होण्यासाठी सहा जण भांडले. दिपाली आधीच वर्गात असेल, तर करणनं धावत आत यायचं. पाचव्या वेळेस तो इतका जोरात आला की थेट भूगोलाच्या नकाशावर. ऑस्ट्रेलिया फाटला.

तेवढ्यात राधाकृष्ण सर दारात. एक मुलगा उंबऱ्यात उकिडवा.

"हा काय करतोय?"

"सर, मी कॉमा आहे," तो म्हणाला.

सर दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "मी आधी आलो का नंतर?" अख्खा वर्ग ओरडला, "नंतर! सरळ आत या!" आणि सर खरंच सरळ आत आले. मी त्यांना हसताना अकरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

७ डिसेंबर, शनिवार

शाळा सकाळची होती. दुपारी वह्या तपासायला घेतल्या, सहा झाल्या आणि डोळा लागला. उठून बाजारात जाऊन आलो. परत आल्यावर बघतो, तर दहा वह्या तपासलेल्या! वरच्या चारांत पेन्सिलीनं बारीक गोल, जिथं स्वल्पविराम हवा तिथं आणि जिथं नको तिथंही. एकही चूक नाही.

याचा अर्थ मी झोपेच्या गुंगीत तपासत होतो. नियम आता डोक्यातून हातात उतरलाय. जयाला सांगितलं, तर म्हणाली, "उतरला असंल." तिच्या बोटांना शिसं लागलं होतं. किराण्याची यादी करत असेल.

१५ डिसेंबर, रविवार

टीचरचा दुसरा धडा. मला वाटत होतं नियम संपला. टीचर म्हणाल्या, "आता नियम मोडायचे कधी, ते शीक."

'ऑल्दो' मागून आला, तरी त्याला बहुतेकदा थांबा द्यायचा, कारण तो भांडण घेऊन येतो. आणि 'व्हाइल'चे स्वभाव दोन. मला म्हणाल्या, स्वतःच्या घरातलं वाक्य कर. मी केलं, "माय वाइफ कुक्स व्हाइल आय रीड."

"छान. याचा अर्थ?"

"मी वाचत असतो त्या वेळात ती स्वयंपाक करते."

"आता 'कुक्स'पुढे स्वल्पविराम दे."

दिला. बघत बसलो.

"आता अर्थ असा, की ती रांधते आणि तू मात्र वाचतोस. पहिलं वाक्य वेळ सांगतं, दुसरं तक्रार करतं. तुझ्या घरात यातलं कुठलं खरं, ते विचारलंस कधी?"

घरी येऊन विचारलं. जया पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "कॉमा देऊनच लिव्हा." मग एवढं हसली की पीठ माझ्या चष्म्यावर उडालं. तिला वाक्य कळलं कसं? मी मराठीतूनच सांगितलं होतं, म्हणून असेल.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. दोघंही टीचरकडे गेलो. करंज्या, चकल्या, घरचा केक. जयाची आणि टीचरची मी रीतसर ओळख करून दिली. दोघींनी फार गंभीरपणे एकमेकींना सलाम केला. मग टीचर म्हणाल्या, "साखर आण गं," आणि जयानं न विचारता वरच्या फळीवरचा तिसरा डबा काढला. बायकांना कुठलंही स्वयंपाकघर परकं नसतं. आम्हाला आपल्या घरातला चहाचा डबा सापडत नाही.

जया हल्ली बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी भजनी मंडळात जाते. पावसाळ्यापासून. पण एखादा अभंग गुणगुणताना ऐकली नाही. आज म्हणालो, "एखादा म्हण की टीचरपुढे." टीचर केकच्या ताटलीत बघत राहिल्या.

१२ जानेवारी, रविवार

आज मन ठिकाणावर नाही.

जयाच्या पर्समध्ये सुट्टे शोधताना तिचे पासपोर्ट फोटो सापडले. सहा होते, दोन कापून नेलेले. परवा ती एकटी एस.टी.नं पाथर्डीला, माहेरी, जाऊन संध्याकाळी परतली. कशाला, तर 'सहज'. पाथर्डीला कोणी सहज जात नाही. आणि पोरीशी, स्नेहलशी, फोनवर बोलत असते, मी आत गेलो की "बरं ठेवते."

मला दवाखानाच सुचला. फोटो कुठल्यातरी कार्डासाठी असतील. आमच्या शेजारच्या बाईंचं असंच झालं, घरातल्यांना शेवटी कळलं.

गच्चीवर जाऊन स्नेहलला पुण्याला फोन लावला. "खरं सांग. आईला काय झालंय?"

ती हसली, आणि हसता हसता रडल्यासारखा आवाज आला. "बाबा, आई ठणठणीत आहे. इतकी बरी ती कधीच नव्हती. तुम्ही तुमच्या पोरांकडे बघा आणि तिला घोकू द्या."

"घोकू?"

"म्हणजे अभंग हो."

तरी झोपताना मी जयाच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप न्हाई मला," ती म्हणाली, आणि माझा हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

१९ जानेवारी, रविवार

आज टीचरनी मला वाक्यांचा एक कागद तपासायला दिला. त्यांच्या कुणा विद्यार्थिनीनं लिहिलेला. अक्षर जरा थरथरतं, पण वाक्यं धीट. बहुतेक बरोबर. एका वाक्यावर मी थांबलो. 'आय डिड नॉट लीव्ह स्कूल बिकॉज आय वॉज डल.'

बिकॉज मागून आलाय म्हणजे स्वल्पविराम नको, हे मला माहीत होतं. पण आता मी शहाणा झालोय. वाटलं, इथंही काहीतरी अपवाद असणार. दिला ठोकून.

टीचरनी कानावरची पेन्सिल काढली. क्षणभर मला माझ्या कानाची काळजी वाटली.

"खोड तो. आधी मराठीत वाच, तिनं काय लिहिलंय."

"मी शाळा सोडली नाही, कारण मी ढ होते."

"हे तू लिहिलंस. तिनं असं लिहिलंय, की मी शाळा सोडली ती ढ होते म्हणून नव्हे. वाक्यात 'नॉट' असलं आणि पुढे 'बिकॉज' आला, की नुसता एक स्वल्पविराम सगळं उलटं करतो. तिनं शाळा सोडली. सोडावी लागली. कारण वेगळं होतं. तू एका टिंबाला शेपूट काढून तिला ढ ठरवलंस."

मला खरंच लाज वाटली. रबरानं खोडला, तर कागद जरासा फाटला.

"कोण आहे ही मुलगी?"

"आहे एक. माझ्या चाळीस वर्षांत इतक्या हुशार चार-पाचच आल्या."

घरी हे सगळं जयाला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. तिनं एकच विचारलं, "मग खोडला ना तुमी?"

"खोडला."

"बरं केलंत," म्हणाली. जेवताना माझ्या पोळीवर तूप दोनदा पडलं.

२० जानेवारी, सोमवार

तेच वाक्य वर्गात दिलं. आज कोणी उकिडवं बसलं नाही, कोणी ओरडलं नाही. दिपाली म्हणाली, "सर, हे माझ्या ताईचं वाक्य आहे. फक्त तिनं लिहिलं नाही कधी."

गेल्या मे महिन्यातली जिलबी. तिच्याच ताईच्या लग्नातली.

मी म्हणालो, ताईला राहिलेल्या विषयाला पुन्हा बसता येतं, पुढच्या वर्षी फॉर्म भरू. यंदाची मुदत गेली. दिपालीनं ते वहीत लिहून घेतलं, स्वल्पविरामासकट.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कालपासून जया सप्ताहाला जातेय, सकाळी दहा ते चार. सप्ताहात आजकाल वेळ फार काटेकोर दिसते. जाताना माझा कंपास मागून नेला. "रांगोळीचे गोल नीट येत न्हाईत," म्हणाली. दिला. बायकांच्या भक्तीत भूमिती किती असते, हे मला आजवर कळलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

यंदा बोर्डानं पर्यवेक्षकांची अदलाबदल केलीय. दहावीला मला फाट्यावरच्या शाळेत ड्यूटी. इंग्रजीच्या पेपराला मात्र नाही, कारण मी आता इंग्रजीचा शिक्षक! कागदावर तसं छापून आलंय. जयाला दोनदा दाखवलं.

सोबत हमीपत्र होतं. 'माझे कोणीही जवळचे नातेवाईक या केंद्रावर परीक्षेस बसलेले नाहीत.' घरीच सही केली. जया चहा पीत बघत होती.

"सगळं नीट वाचून सही करता ना तुमी?"

"त्यात काय वाचायचं? आपल्या घरात दहावीला आहे कोण?"

तिनं बशी खाली ठेवली. "फाट्यावरच पडली व्हय ड्यूटी," एवढंच म्हणाली आणि देवघरात गेली. बराच वेळ तिथंच होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजच लिहिलं पाहिजे.

मराठीचा पेपर. मला नऊ नंबरचा ब्लॉक. पावणेअकराला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आत गेलो. पंचवीस बाकं. पोरं, पोरी, दोन बापये बाहेरून बसलेले. शेवटच्या ओळीत, खिडकीशी, दिवाळीची जांभळी साडी.

मला आधी साडी ओळखू आली. मग जया.

मी म्हणालो, "अगं..." मोठ्यानं. पुढचा मुलगा फिसकन हसला.

तिनं मान वर केली. चेहरा पांढरा पडलेला, पण आवाज स्थिर. "सर, येळ चाललाय."

आयुष्यात पहिल्यांदा ती मला सर म्हणाली. मी उत्तरपत्रिका वाटल्या. तिच्या बाकापाशी हॉल तिकीट बघितलं. पासपोर्ट फोटो होता, तोच. सही करताना माझंच नाव मला आठवेना. मग शिपायाला दारात उभं करून धावत केंद्रसंचालकांकडे गेलो.

"सर, माझ्या ब्लॉकमध्ये माझी बायको आहे."

"वहिनी आल्यात? मग त्यांना बाहेर बसवा, पेपर सुटेपर्यंत."

"नाही हो. ती परीक्षेला बसलीय."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"काकासाहेब, हमीपत्र खोटं दिलं म्हणून मी तुमच्यावर लेखी ठपका ठेवायला हवा. पण हे जर मी लिहून वर पाठवलं, तर वरचे माझ्यावरच हसतील." त्यांनी मला चार नंबरचा ब्लॉक दिला. तीन तास तिथं उभा राहिलो. कोणी कॉपी केली असेल तर मला दिसली नाही. डोळ्यांपुढे जांभळी साडी होती.

पेपर सुटल्यावर ती गेटबाहेर, रसवंतीच्या बाकावर बसून होती. मी शेजारी बसलो.

"भजनी मंडळ?" मी विचारलं.

"हन्ना टीचर. अन् सप्ताह म्हंजे सराव परीक्षा."

"डबा?"

"आपलाच."

"आणि वह्या?"

"तुमी घोरत हुता. मला दम निघंना. त्या पोरानं 'इफ'च्या वाक्यात कॉमाच दिला नव्हता."

मला हसू आलं, आणि ते थांबेना. तीही हसायला लागली. रसवाल्यानं न मागता दोन ग्लास आणून ठेवले. मग एकदम तिचं हसू ओसरलं.

"नववीत हुते तवा आई-बापानं ऊसतोडीला नेलं. तिथं पाचटाच्या कोपीवर धाकट्याला सांभाळायला कोनी नव्हतं. गुरुजी बापाला म्हनले हुते, पोरगी ठेवा, पहिली येती. बाप म्हनला, पुढच्या वर्षी. त्या वर्षीचा दाखला आनायला आता गेल्ते उन्हाळ्यात. जानेवारीत गेल्ते ती हॉल तिकीट आईला दावायला. तिला वाचता येत न्हाई. फोटोवर हात फिरवला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं हुतं."

"कधी?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी म्हनले, दहावीला बसू का? तुमी पेपर वाचत हुता. म्हनला, 'बस की. पण आता उपयोग काय?'"

मला हे आठवत नाही. जराही आठवत नाही. तिला शब्दन् शब्द पाठ आहे. मी नाही म्हणालो असतो, तर भांडण झालं असतं आणि लक्षात तरी राहिलं असतं.

"आनि नापास झाले असते, तर तुमी काही बोलला नसता," ती म्हणाली. "जवळ बसून समजूत घातली असती. तेच नको हुतं मला."

मी रस प्यायलो. गोड होता की नाही, सांगता येणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून ही वही पुन्हा वाचली. काय माणूस आहे मी! पोरांना हे वाचायला दिलं असतं तर पहिल्याच पानावर ओळखलं असतं.

स्वयंपाक मी केला. वरण लागलं. जया एका हातानं ते खात होती आणि दुसऱ्या हातानं बीजगणित.

१ मार्च, शनिवार

इंग्रजीचा पेपर. ड्यूटी नाही, म्हणून गेटबाहेर पालकांत उभा होतो. एका आईनं विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"बायको."

ती बाई जरा लांब सरकली. मग परत जवळ आली. "कशी काय बसली?" तिनं आवाज बारीक करून विचारलं. "म्हणजे बाहेरून बसायचं असलं तर? फॉर्म कुठला?" मी तिला सगळं सांगितलं. हळूहळू आणखी दोघी आल्या. पेपर सुटेपर्यंत मी पाच जणींना बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म समजावला. एकीनं विचारलं, नवऱ्याची सही लागते का. नाही, म्हणालो. तिघींनी एकदम सुस्कारा सोडला.

जया आली ती धावतच. पन्नाशीकडे झुकलेली बाई, चपलेचा अंगठा तुटलेला, प्रश्नपत्रिकेची सुरळी झेंड्यासारखी धरलेली.

"समदा सोडवला! निबंध दीड पान! पत्राला पत्ता उजवीकडं लिव्हला का डावीकडं, आठवत न्हाई, पन लिव्हला!"

मग तिथंच, सगळ्या पालकांसमोर, तिनं माझ्या दंडाला धरून गोल फिरवलं. नेवाशात आम्ही रस्त्यानं शेजारी शेजारीही चालत नाही. तिथून थेट टीचरकडे गेलो. टीचरनी प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ धरून एकेक उत्तर विचारलं. जया आठवीतल्या मुलीसारखी उभी राहून सांगत होती, आणि मी कानावर हात ठेवून बसलो होतो, सवयीनं.

१३ मे, मंगळवार

दुपारी एकला निकाल. नेट बंद पडलं, आलं, पुन्हा बंद पडलं. स्नेहल पुण्याहून फोनवरच होती, तिचं ऑफिस आज बहुतेक तिच्याविनाच चाललं.

आधी माझी पोरं. अडतीसपैकी छत्तीस इंग्रजीत पास. दिपालीला एक्क्याऐंशी. राहिलेले दोघं जुलैत पुन्हा बसणार, त्यांना उद्यापासून मी घरी बोलावलंय. ते नको म्हणाले, तर त्यांच्या घरी जाणार. राधाकृष्ण सरांनी फोन करून मला 'इंग्रजीचे सर' म्हटलं. मी हळूच उत्तर दिलं, जणू दुसऱ्याच कोणाला हाक मारलीय.

मग जयाचा नंबर टाकला. माझ्या बोटांना अंक सापडेनात, तिनंच टाकला. स्क्रीन फिरत राहिली. तिनं डोळे मिटले होते.

पास!

स्नेहल फोनमधून किंचाळली. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. मी पेढे आधीच आणून कपाटात ठेवले होते, ते काढले, आणि जयानंही काढले. तिनंही आणून ठेवले होते. टीचरना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "इंग्रजी किती ते सांग, बाकी नंतर." इंग्रजी अडुसष्ट! पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग आम्ही दोघं निवांत बसून गुणपत्रक वाचलं. मराठी एकाहत्तर. हिंदी साठ. गणित चव्वेचाळीस, ठीक. विज्ञान पन्नास. आणि त्याच्याखाली, इतिहास-भूगोलाची जिथं बेरीज असते तिथं, छत्तीस.

छत्तीस! आणखी दोन गुण गेले असते तर... माझ्याच घरात! तीस वर्षं मी त्या विषयाचा शिक्षक!

"भूगोलात काय लिहिलंस गं?"

"जे येत हुतं ते."

"अगं, मला एकदा तरी विचारायचंस. मी उशाशी होतो!"

"कसं इचारनार? मग तुमाला कळलं असतं की."

ती गुणपत्रकाचा स्क्रीन पुन्हा वर सरकवून आपलं नाव वाचत बसली. मी म्हणालो, अकरावीला कला शाखा घे, तिथे भूगोल ठेव, मी रोज एक तास घेतो, नकाशे, वारे, नद्या, सगळं.

जयानं फोन बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"भूगोल ठेवते," ती म्हणाली. "पन मास्तर चांगला बघा कुनीतरी."